कायदा आधी कुणी पाळायचा?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचं सी-१७ विमान अमृतसरला उतरलं. त्यातून १०४ भारतीय परत आले, हातापायांत बेड्या घालून आणलेले. बहुतेक जण पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे. तिघे आपल्या महाराष्ट्राचे. तेव्हापासून पुण्या-नाशिकच्या दिवाणखान्यांत आणि न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत जो वाद पेटला आहे, तो विझायचं नाव घेत नाही. एक बाजू म्हणते, कायदा मोडला ना, मग भोगा. आमच्या मुलांनी कागदपत्रं जमवत, फी भरत, वर्षानुवर्षं ताटकळत जे मिळवलं, ते यांनी दलालाला पैसे चारून चोरवाटेनं मिळवायचं का? दुसरी बाजू म्हणते, माणसांना साखळ्यांत बांधून पाठवणाऱ्या देशानं हक्कांच्या गप्पा मारू नयेत. तिथली लोकशाही संपली, विषय संपला. एकाच्या तोंडी नुसता कायदा, दुसऱ्याच्या तोंडी नुसते हक्क. कायदा पाळण्याची जबाबदारी आधी कुणाची, हा प्रश्न मात्र दोघांनाही पडत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. कायदा पाळण्याचं पहिलं आणि सगळ्यात कडक बंधन ज्याच्या हाती बंदूक, तुरुंग आणि शिक्का आहे त्याच्यावर असतं. परवान्याशिवाय सरहद्द ओलांडणारा माणूस कायद्याचं एक कलम मोडतो. त्याला सुनावणी न देता उचलून नेणारं सरकार त्या कलमाला ज्यामुळे कायदा म्हणायचं, तेच मोडतं. पहिल्या गुन्ह्याला शिक्षा करणारं कुणीतरी असतं. दुसऱ्याला आवर घालणारं कोण? न्यायालय, आणि न्यायालयाचा आदेश मनाविरुद्ध असूनही पाळणारे अधिकारी. एवढंच. म्हणून अमेरिकेतल्या आजच्या वादाकडे स्थलांतरितांच्या बाजूनं किंवा विरोधात असं न बघता शपथ घेतलेल्यांनी शपथ पाळली का, असं बघायला हवं.

ही शपथ अमेरिकी राज्यघटनेच्या सहाव्या कलमात आहे. सिनेटर, प्रतिनिधी, राज्यांचे आमदार, केंद्राचे आणि राज्यांचे सगळे अधिकारी आणि न्यायाधीश यांनी राज्यघटनेला बांधील राहण्याची शपथ घ्यायची. राष्ट्राध्यक्षाच्या शपथेचे शब्द तर घटनेनं दुसऱ्या कलमात स्वतःच लिहून दिले आहेत, आणि त्याच कलमात कायद्यांची निष्ठेनं अंमलबजावणी होते की नाही हे पाहण्याचं काम त्याच्यावर टाकलं आहे. यात कुठेही पक्षाशी किंवा नेत्याशी निष्ठा नाही. तिथेच जन्मलेल्या सामान्य नागरिकाला अशी शपथ आयुष्यात कधी घ्यावी लागत नाही. राजाच्या मर्जीनं चालणारा कारभार भोगलेल्या लोकांनी ही घटना लिहिली. धोका कुठून येतो हे त्यांना ठाऊक होतं.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं, आणि ते हलकं नाही. अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा दशकानुदशकं कागदावर राहिला, हे खरं आहे. १९८६ मध्ये रेगन यांच्या काळात सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा देण्यात आला आणि त्याबदल्यात यापुढे बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांवर कारवाई होईल असं वचन देण्यात आलं. दर्जा दिला गेला, वचन हवेत विरलं. शेतमालकांना, बांधकामवाल्यांना, हॉटेलांना स्वस्त मजूर हवे होते आणि दोन्ही पक्षांना या मालकांची नाराजी नको होती. कागदपत्रं नसलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली. दुसरीकडे, कायद्यानं चालणाऱ्या भारतीयाची गत काय? ग्रीन कार्डांच्या वाटपात कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त येऊ द्यायचं नाही, या नियमापायी आपली माणसं दशकं रांगेत काढतात. मुलं एकवीस वर्षांची होऊन आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. या लोकांचा संताप खोटा आहे असं मी म्हणणार नाही. कायदा असून न राबवणं हीसुद्धा शपथेशी प्रतारणाच आहे आणि तिचा दोष आजच्या सरकारच्या विरोधकांवरही येतो.

त्यांच्यावर आणखीही दोष येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये बायडेन यांच्या प्रशासनानं भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरची बंदी पुन्हा लागू केली, तेव्हा ती घटनेच्या कसोटीवर बहुधा टिकणार नाही असं बहुतेक घटनातज्ज्ञ सांगतात, हे बायडेन यांनी स्वतःच बोलून दाखवलं होतं. तरी बंदी आणली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं ती उठवली. भाडेकरूंची कणव मला पटते. टिकणार नाही असं वाटत असताना आदेश काढणं पटत नाही. मुलाला माफी देणार नाही असं सांगून डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी ती दिलीच. मग २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरील हल्ल्यातल्या सुमारे १५०० जणांना माफी दिली, त्यांत पोलिसांना मारहाण करणारेही होते, आणि काल बायडेनना नावं ठेवणारे गप्प झाले. माफी देण्याचा अधिकार दोघांनाही होता. पण ‘कायदा म्हणजे कायदा’ ही घोषणा देणाऱ्यांनी पोलिसांवर हात उचललेल्यांची सुटका साजरी करावी? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, या म्हणीला जगातला कुठलाच देश अपवाद नाही असं दिसतं.

पण हे सगळं मान्य केल्यावर त्यातून काय निघतं? तीस-चाळीस वर्षं कायदा राबवला नाही, म्हणून आता तो कायदा मोडून राबवायचा? मार्च २०२५ मधली घटना पाहा. मेरीलँडमध्ये राहणाऱ्या एल साल्वादोरच्या एका माणसाला त्याच्याच देशात पाठवू नये, तिथे त्याच्या जिवाला टोळ्यांपासून धोका आहे, असा इमिग्रेशन न्यायाधीशाचा २०१९ चा आदेश होता. सरकारनं त्याला नेमकं तिथेच पाठवलं, आणि तेही थेट कुप्रसिद्ध महातुरुंगात. चूक झाली, असं सरकारी वकिलांनी न्यायालयात लिहून दिलं. मग परत आणा म्हटल्यावर उत्तर आलं की तो आता दुसऱ्या देशाच्या ताब्यात आहे, आम्ही काय करणार! १० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या सुटकेसाठी सरकारनं पावलं उचलावीत असं सांगितलं. एकाही न्यायमूर्तीनं जाहीर मतभेद नोंदवला नाही. आठवडाभरानं अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्किन्सन यांनी, जे रेगन यांनी नेमलेले आणि परंपरावादी म्हणून ओळखले जातात, सरकारला विचारलं की आज परदेशी माणसाला सुनावणीविना बाहेर टाकून हात झटकता, तर उद्या अमेरिकी नागरिकाला असंच टाकून हात झटकणार नाही याची हमी काय? जूनमध्ये त्या माणसाला परत आणलं गेलं.

तो टोळीचा सदस्य आहे, असं सरकार म्हणतं. असेलही. पण ते ठरवायचं कुणी आणि कसं? सुनावणी म्हणजे गुन्हेगारांचे लाड, असं ज्यांना वाटतं त्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. ‘हा माणूस बेकायदा राहतो आहे’ हा तपासणीनंतरचा निष्कर्ष असतो; तपासणीआधी तो फक्त एका अधिकाऱ्यानं केलेला आरोप असतो. आमचे कागद चोख आहेत, आम्हाला कसली भीती, असं एच-वन-बीवर गेलेला आपला अभियंता म्हणतो. कागद दाखवणार कुणाला? ते बघितलेच पाहिजेत असं बंधन ज्याच्यावर आहे, असा माणूस समोर असेल तरच चोख कागदांना किंमत आहे. तो माणूस म्हणजे न्यायाधीश, आणि ते बंधन म्हणजे पाचव्या आणि चौदाव्या घटनादुरुस्तीतली रीतसर प्रक्रियेची हमी. ती नागरिकांपुरती नाही, अमेरिकेच्या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला आहे.

ही हमी प्रत्यक्षात कुणामुळे आली? सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी धोब्यांमुळे. लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना हवा, असा नियम तिथल्या नगरपालिकेनं केला. कारण सांगितलं आगीचं, आणि कारण वरवर रास्तच होतं. परवान्यासाठी सुमारे दोनशे चिनी लोकांनी अर्ज केले. सगळे फेटाळले गेले. चिनी नसलेल्या सुमारे ऐंशी जणांपैकी एक वगळता सगळ्यांना परवाना मिळाला. १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की कायद्याचे शब्द कितीही निष्पक्ष असले तरी तो दुष्ट नजरेनं आणि पक्षपाती हातानं राबवला, तर ते चौदाव्या दुरुस्तीचं उल्लंघनच आहे. दाद मागणारे धोबी अमेरिकेचे नागरिक नव्हते, होऊही शकत नव्हते. चार वर्षांपूर्वीच, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा झाला होता. शहरात त्यांच्या बाजूनं बोलणं किती जड जात असेल याची कल्पना यावरून येईल. त्याच शहरात जन्मलेल्या वाँग किम आर्क नावाच्या स्वयंपाक्याच्या खटल्यात १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की आईबाप नागरिक नसले तरी अमेरिकेत जन्मलेलं मूल अमेरिकी नागरिक. गेल्या पन्नास वर्षांत न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या सनीवेलपर्यंत जन्मलेल्या हजारो मराठी मुलांचं नागरिकत्व या निकालावर उभं आहे. ट्रम्प यांच्या २० जानेवारी २०२५ च्या आदेशानं ते नाकारायचं ठरवलं ते फक्त चोरून आलेल्यांच्या मुलांना नव्हे. कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या आईचं मूलही त्यात आलं, जर बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल तर. रांगेत उभं राहणारे म्हणून ज्यांना अभिमान होता, त्यांचाच नंबर लागला. तीन दिवसांत सिएटलच्या न्यायाधीश कूनॉर यांनी हा आदेश उघडउघड घटनाबाह्य असल्याचं सांगून रोखला. त्यांचीही नेमणूक रेगन यांचीच.

आपल्या माणसांचा इतिहास तर याहून बोलका आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. भगतसिंग थिंद हा पंजाबी तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होता. त्याला दिलेलं नागरिकत्व सरकारनं आव्हानित केलं, कारण तेव्हाच्या कायद्यानं ते गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळू शके. १९२२ च्या नोव्हेंबरात एका जपानी अर्जदाराला न्यायमूर्ती सदरलँड यांनी सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तू नाहीस. थिंद म्हणाला, मानववंशशास्त्र मला कॉकेशियन म्हणतं. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याच सदरलँड यांनी लिहिलं की शास्त्र काय म्हणतं ते सोडा, सामान्य माणूस काय समजतो ते बघायचं. स्वतः सदरलँड इंग्लंडात जन्मून अमेरिकेत आलेले. या निकालानंतर सरकार एकेका भारतीयाचं आधीच दिलेलं नागरिकत्व काढून घेऊ लागलं. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांना नागरिकत्वाबरोबर मालमत्तेवरही पाणी सोडावं लागलं. भारतात जायला अमेरिकी पासपोर्ट मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं.

थिंदचे वकील होते सखाराम गणेश पंडित. त्यांना १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात नागरिकत्व मिळालं होतं. अशिलाचा खटला हरल्यावर सरकार त्यांच्याच दारात आलं. पंडितांनी वंशाचा वाद घातला नाही. त्यांनी सरकारपुढे सरकारचाच कायदा ठेवला. १९१४ मध्ये एका सक्षम न्यायालयानं मला नागरिक ठरवलं. तुम्हाला अपील करता आलं असतं, तुम्ही केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी वकील झालो, घर घेतलं, अमेरिकी स्त्रीशी लग्न केलं. आता तो निकाल मोडून माझं घर, माझा व्यवसाय आणि माझ्या पत्नीचंही नागरिकत्व काढून घेणार? अंतिम झालेला निकाल सरकारलाही बांधतो की नाही? १९२६ मध्ये अपील न्यायालयानं पंडितांच्या बाजूनं कौल दिला, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला, आणि सरकारला इतर भारतीयांविरुद्धची प्रकरणं गुंडाळावी लागली. तेव्हा अमेरिकेत भारतीयांना मत नव्हतं, पैसा नव्हता, पाठीशी स्वतःचं सरकारही नव्हतं. न्यायालयाचा निकाल सरकार पाळेल, एवढा एकच आधार होता. आज याच आधाराला ‘न्यायाधीशांची लुडबुड’ म्हणणाऱ्या मराठी माणसानं पंडितांचं नाव एकदा तरी वाचावं.

लुडबुडीचा आक्षेपही नीट पाहू. न्यायाधीश निवडून आलेले नसतात. ते चुकतात, आणि भयंकर चुकतात; कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल आणि थिंदचा निकाल ही काही किरकोळ उदाहरणं नव्हेत. एका जिल्हा न्यायाधीशानं सगळ्या देशाचं धोरण थांबवावं का, हाही रास्त प्रश्न आहे. ओबामांचं स्थलांतर धोरण टेक्सासच्या एका न्यायाधीशानं रोखलं तेव्हा डेमोक्रॅट संतापले, आता रिपब्लिकन संतापतात. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असे देशव्यापी मनाई हुकूम मर्यादित केले. हा वाद व्हावा, कायदे बदलावेत, अपिलं करावीत. पण निकाल चुकला म्हणून अपील करणं आणि निकाल नको म्हणून तो न पाळणं यांत फरक आहे की नाही?

तो फरक अमेरिकेनं दोन्ही बाजूंनी अनुभवला आहे. १८३२ मध्ये चेरोकी या मूलनिवासी लोकांच्या प्रदेशात जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. जॉर्जियानं ते धुडकावलं आणि राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी राज्याला वठणीवर आणण्यासाठी काहीच केलं नाही. सहा वर्षांत लष्करानं चेरोकींना घरांतून बाहेर काढून पश्चिमेकडे चालवलं. त्या वाटेवर अंदाजे चार हजार माणसं मेली. निकाल त्यांच्या बाजूचा होता, फक्त तो पाळणारा कुणी नव्हता.

सव्वाशे वर्षांनी, सप्टेंबर १९५७ मध्ये, आर्कान्सॉचे गव्हर्नर फॉबस यांनी लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना शिरू न देण्यासाठी राज्याचे सैनिक उभे केले. राष्ट्राध्यक्ष होते आयझेनहॉवर. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालाबद्दल त्यांना फारसा उत्साह नव्हता, हे जवळच्यांना माहीत होतं. दक्षिणेत त्यांच्या पक्षाला नव्यानं मतं मिळू लागली होती. वाट काढायची असती तर सबबी भरपूर होत्या. २४ सप्टेंबरला त्यांनी १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे जवान पाठवले, आर्कान्सॉचं नॅशनल गार्ड गव्हर्नरच्या हातून काढून केंद्राच्या हुकमतीत घेतलं, आणि रात्री देशाला सांगितलं की या निकालाबद्दल आपली वैयक्तिक मतं काय आहेत, याचा त्याच्या अंमलबजावणीशी काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी मुलं सैनिकांच्या पहाऱ्यात वर्गात गेली. हा निकाल मनापासून आवडणाऱ्या राष्ट्राध्यक्षानं हेच केलं असतं, तर आपल्याला त्यातून फार काही शिकायला मिळालं नसतं. आयझेनहॉवर यांची शपथ खरी ठरली ती मनाविरुद्ध पाळल्यामुळे.

यावर डावीकडून एक आक्षेप येतो आणि तो मला अधिक अवघड वाटतो. कायदाच अन्यायी असेल तर? पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवा, असं १८५० चा कायदा सांगत होता. तो राबवणारा मार्शल कर्तव्यदक्ष म्हणायचा का? मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमला न्यायालयाची मनाई मोडूनच मोर्चा काढला होता. मग फॉबस आणि किंग यांच्यात फरक काय उरला?

फरक सत्तेचा आहे. किंग यांनी उघडपणे मनाई मोडली आणि तुरुंगात गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती शिक्षा कायम केली, तेव्हा ते पुन्हा जाऊन तुरुंगात बसले. त्यांनी अवज्ञेची किंमत स्वतः मोजली. फॉबस यांनी मात्र शपथेमुळे मिळालेले सैनिक शपथेविरुद्ध वापरले आणि किंमत मोजायला लावली ती शाळकरी मुलांना. ज्या अधिकाऱ्याला कायदा राबवणं सदसद्विवेकाला पटत नाही, त्याच्यापुढे मार्ग असतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये वॉटरगेटची चौकशी करणाऱ्या कॉक्स यांना काढा, असा हुकूम निक्सन यांनी दिला, तेव्हा ॲटर्नी जनरल रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. त्यांचे दुय्यम रकलशॉस यांनीही नकार देऊन पद सोडलं. तिसऱ्यानं हुकूम पाळला. पण त्या दोन राजीनाम्यांनी देश हलला, आणि दहा महिन्यांत निक्सन यांना जावं लागलं. निक्सन यांच्या संभाषणांच्या टेप सुपूर्द करा असा एकमुखी निकाल देणाऱ्या आठ न्यायमूर्तींत तिघे निक्सन यांनीच नेमलेले होते. खुर्चीवर बसून कायदा आतून पोखरणाऱ्या अधिकाऱ्याला किंग यांचं नाव घेण्याचा हक्क नाही, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. अर्थात केंद्राच्या कामाला राज्यांचे पोलीस जुंपता येत नाहीत हा घटनात्मक नियम वेगळा. आज डेमोक्रॅट शहरं स्थलांतराच्या कारवाईत मदत नाकारताना त्याचा आधार घेतात. तो १९९७ मध्ये मिळवला होता बंदुकांच्या खरेदीदारांची तपासणी करायला नकार देणाऱ्या शेरीफांनी. आज ज्यांना तो नियम खुपतो, तेच काल त्यावर खूश होते.

राहिला आणीबाणीचा युक्तिवाद. लिंकन यांनी १८६१ मध्ये हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाचा न्यायालयात दाद मागण्याचा हक्क, स्थगित केलं, हे नेहमी पुढे केलं जातं. केलं, पण बंड खरोखर सुरू होतं, आणि जुलैत संसदेचं खास अधिवेशन बोलावून त्यांनी आपली बाजू तिच्यासमोर मांडली. १८६३ मध्ये संसदेनं त्यासाठी कायदा केला. युद्ध संपल्यावर, नागरी न्यायालयं सुरू असताना सामान्य माणसावर लष्करी खटला चालवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये रूझवेल्ट यांनी आदेशावर सही केली, तेव्हा देशात बंड नव्हतं. जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबलं गेलं. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. कुणावरही वैयक्तिक आरोप नाही, सुनावणी नाही. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी ते मान्य केलं. आपल्याच गुप्तचरांचे विरुद्ध अहवाल सरकारी वकिलांनी न्यायालयापासून दडवले होते. ते उघड होऊन, आदेश न पाळल्याबद्दल फ्रेड कोरेमात्सु यांना झालेली मूळ शिक्षा रद्द व्हायला १९८३ उजाडलं, आणि त्या दडवण्याची कबुली सरकारच्या सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयातून आली ती २०११ मध्ये. ती देणारे नील कट्याल भारतीय स्थलांतरितांचे चिरंजीव.

त्या सहा न्यायमूर्तींत एक होते फेलिक्स फ्रँकफर्टर. त्यांचा आपल्याशीही संबंध आहे. १९४७ मध्ये आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत त्यांना भेटले, तेव्हा त्यांनी रीतसर प्रक्रियेचं कलम घटनेत घालू नका, त्यानं न्यायाधीशांच्या हाती फार सत्ता जाते, असं सुचवलं. भारतानं ते कलम सौम्य केलं. अटक झालेल्यांना काही हक्क देणारं २२वं कलम आणून डॉ. आंबेडकरांनी थोडी भरपाई केली. पण १९७६ मध्ये, आणीबाणीत, एखाद्याला बेकायदा डांबलं तरी तो न्यायालयात दाद मागू शकत नाही असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ठरवलं, तेव्हा त्या पळवाटेची किंमत कळली. चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे उभे राहिले न्यायमूर्ती हंसराज खन्ना, आणि पुढच्या वर्षी त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं गेलं. म्हणून अमेरिकेत सुनावणीच्या हक्कावर घाव पडतो तेव्हा तो तिकडचा मामला म्हणून सोडून देता येत नाही. हा हक्क पातळ केला की काय होतं, हे आपण घरात पाहिलं आहे.

खन्नांसारखी किंमत मोजणारे अमेरिकेतही सापडतात. १९४२ मध्ये कोलोरॅडोचे रिपब्लिकन गव्हर्नर राल्फ कार यांनी जपानी वंशाच्या नागरिकांची बाजू जाहीरपणे घेतली. त्याच वर्षी ते सिनेटची निवडणूक हरले. २०२० च्या निवडणुकीनंतर ॲरिझोनाच्या प्रतिनिधीगृहाचे सभापती रस्टी बॉवर्स यांनी ट्रम्प यांना मत दिलं असूनही निकाल फिरवायला नकार दिला. २०२२ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी त्यांना उमेदवारीत हरवलं. जॉर्जियातल्या निवडणुकांचे प्रमुख अधिकारी ब्रॅड राफेन्सपर्गर यांना ‘११,७८० मतं शोधा’ असं राष्ट्राध्यक्षांनी फोनवर सांगितलं. त्यांनी ती शोधली नाहीत, आणि त्याच २०२२ मध्ये त्यांच्या पक्षाच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडलं. एकाच वर्षी, एकाच पक्षात, दोन राज्यांत दोन निकाल. याचा अर्थ हे विधिलिखित नाही, मतदार ठरवतो.

या मतदारांत आता हजारो मराठी माणसंही आहेत. तिथे जन्मलेल्या अमेरिकी माणसाला जी शपथ कधी घ्यावी लागत नाही, ती यांनी नागरिकत्व घेताना हात वर करून घेतली आहे: राज्यघटनेचं आणि कायद्यांचं रक्षण करीन. निवडणूक अधिकारी, शेरीफ, सरकारी वकील, निवडणुकांचं काम पाहणारे राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ही पदं तिथे बहुतेक ठिकाणी मतानं भरली जातात, आणि पक्षांतर्गत निवडणुकांना तर फारच थोडे लोक फिरकतात. तिथे उमेदवार मंडळाच्या गणेशोत्सवाला येतात, आरतीचं ताट हातात घेतात, फोटो काढतात. त्यांना व्हिसाबद्दल जरूर विचारावं. पण तुमच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षानं न्यायालयाचा आदेश मोडायला सांगितलं तर काय कराल, हेही विचारावं, उत्तर लिहून ठेवावं, आणि पुढच्या खेपेला त्या उत्तराप्रमाणे वागलेल्याला, तो आपल्या पक्षाचा नसला तरी, मत द्यावं.